मॉरिस मायनर १०००, मॉडेल १९६५ : घरच्या गॅरेजमधल्या कामाच्या नोंदी

७ ऑक्टोबर २०२३, शनिवार

गाडी आली एकदाची. १९६५ ची मॉरिस मायनर १०००, दोन दरवाजांची सलून, आल्मंड ग्रीन रंग, १०९८ सीसीचं इंजिन. ट्रेलरवरून उतरवून आत ढकलतच नेली कारण ब्रेकचं पेडल दाबलं की सरळ फ्लोअरला टेकतंय आणि हँडब्रेकवर भरवसा ठेवण्यासारखा नाही. आम्ही ऑक्सफर्डला राहतो, आणि ही गाडी बनली ती इथल्याच कावलीला, जिथे आता बीएमडब्ल्यूच्या मिनी बनतात, म्हणजे साठ वर्षांनी पोरगी माहेरीच आली म्हणायची.

मायनर पहिल्यांदा लोकांसमोर आली १९४८ ला, लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या मोटर शोमध्ये. डिझाइन अ‍ॅलेक इसिगोनिस यांचं, ज्यांनी पुढे मिनी केली. १९७१ पर्यंत सोळा लाखांच्या वर गाड्या बनल्या, आणि दहा लाखांचा आकडा गाठणारी ही पहिली ब्रिटिश गाडी. एवढ्या बनल्या म्हणूनच आज इथे जवळपास प्रत्येक पार्ट नवा मिळतो. १९९० च्या दशकात तर श्रीलंकेतही मायनरचे पत्र्याचे पार्ट बनत होते. पहिली जुनी ब्रिटिश गाडी घेणाऱ्याला मी कायम हीच सुचवतो, इतर गाड्या दिसायला कितीही झकपक असू देत.

संध्याकाळी सांगलीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. मामांनी आयुष्यभर ॲम्बॅसेडरची कामं केली, आणि ॲम्बॅसेडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, त्यामुळे खालून कॅमेरा फिरवला तसे मामा एकेक पार्ट नावानिशी सांगत गेले. "अरे टॉर्शन बार आहे की हिला पण! आधी पुढची चाकं हलवून दाखव मला, बॉनेट नंतर उघड." (टॉर्शन बार म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा पोलादी दांडा.)

कामाचा क्रम ठरवला. जे तुटलं तर माणसाच्या जिवावर बेततं ते आधी, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, मग खालचा पत्रा, मग ब्रेक. मग वायरिंग, मग इंजिन. रंग आणि क्रोम सगळ्यात शेवटी, आणि नाही झालं तरी चालेल. लोक उलटं करतात, आधी पेंट मारतात आणि खाली सिल, म्हणजे दरवाजाखालचा पत्र्याचा पट्टा, कुजलेलं तसंच राहतं, मला ते अजिबात पटत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

आज फक्त पाने लावून ठेवले. घरातले सगळे पाने मिलिमीटरचे आणि या गाडीचे नट इंचातले, यूएनएफ आटे, एएफ साइझचे पाने लागतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्याला आपला १३ नंबरचा पाना बसतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. म्हणून सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश असा एएफचा वेगळा सेट घेतला आणि १३ नंबर वरच्या कपाटात टाकला. कार्बोरेटर आणि लुकासच्या इलेक्ट्रिकच्या सामानात बीए नावाचे आणखी वेगळे आटे निघतात, त्याचे छोटे पाने पण लागतात. ज्याला मायनरवर काम करायचंय त्याने हा खर्च पहिल्या दिवशी करावा.

२१ ऑक्टोबर, शनिवार

पुढची दोन्ही चाकं उघडली. या गाडीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, म्हणून सविस्तर लिहितोय.

मायनरला आजच्या गाड्यांसारखा बॉलजॉइंट नाही. उभा किंगपिन असतो, म्हणजे चाक ज्याच्याभोवती वळतं तो दांडा, त्याच्या वरच्या आणि खालच्या टोकाला आटे, आणि त्या आट्यांवर ट्रनियन, म्हणजे आतून आटे असलेला ठोकळा, बसतं. स्टेअरिंग फिरवलं की ते आट्यांवरच फिरतं, म्हणजे बेअरिंगचं काम आटेच करतात. ग्रीस असेल तर वर्षानुवर्षं काही होत नाही. ग्रीस बंद झालं की पाणी शिरतं, गंज धरतो, आटे झिजतात, आणि एक दिवस उरलेले आटे सोडून किंगपिन खालच्या ट्रनियनमधून बाहेर निघतो आणि चाक मडगार्डखाली आडवं होतं. पार्किंगमध्ये झालं तर नशीब, हायवेवर झालं तर काय ते लिहायला नको. दुसरा कुठलाच पार्ट एवढ्या थोड्या खर्चात एवढा मोठा धोका टाळून देत नाही, आणि तरी हाच सगळ्यात जास्त दुर्लक्षिला जातो.

तपासायची पद्धत अशी की चाक उचलायचं, टायर वर आणि खाली धरून हलवायचा, दुसऱ्या कुणीतरी ब्रेक दाबून धरायचा म्हणजे चाकाच्या बेअरिंगचा खेळ वेगळा कळतो. आपला ब्रेकच नाहीये त्यामुळे टॉमी (लांब लोखंडी दांडी) लावून बघितलं, डावीकडचं खालचं ट्रनियन स्पष्ट हलतंय. उजवीकडे कमी आहे पण आहे. दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि ट्रनियन पूर्ण नवे घालायचे ठरवलं, एकाच बाजूचं करून दुसरी तशीच सोडणं बरोबर नाही.

जॅक खालच्या आर्मखाली लावून सगळं वजन त्याच्यावर घेतलं, कारण टॉर्शन बार ताणलेला असतो आणि तो ताण मोकळा झाला तर आर्म हाडं मोडेल इतक्या जोरात खाली येतो. गाडी स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. मग वरचं सोडवलं आणि जॅक हळूहळू उतरवला. वरचा आर्म म्हणजे शॉकअ‍ॅब्सॉर्बरचाच दांडा आहे, तेल कमी होतं, भरलं, गळती दिसली नाही. टॉर्शन बार डावा-उजवा एकमेकांच्या जागी घालायचा नाही, एकदा वापरला की ज्या बाजूला पिळला गेला त्याच बाजूचा होतो.

डाव्या आणि उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे आहेत, त्यामुळे खोक्यातून काढल्याबरोबर दोन्ही बाजूंच्या पार्टना चिकटपट्टी लावून नावं लिहिली. बसवताना ट्रनियन पूर्ण आत फिरवून मग थोडं मागे घ्यायचं, म्हणजे स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळतं आणि मध्ये अडत नाही. खालच्या आर्मचे रबर बुशही नवे घातले.

शेवटी ग्रीसगन. प्रत्येक बाजूला वर एक निपल, खाली एक निपल. चाक हवेत असताना मारायचं, म्हणजे वजन नसल्यामुळे ग्रीस आट्यांच्या सगळीकडे जातं, आणि जुनं काळं जाऊन नवं स्वच्छ बाहेर दिसेपर्यंत मारत राहायचं. मामांनी फोनवरून बजावलं, "दर हजार मैलाला मार, आणि गाडी चालली नाही तरी तीन महिन्यांनी मार." तोच नियम गॅरेजच्या भिंतीवर लिहून टाकला. एक गोष्ट लक्षात ठेवायची, ट्रायम्फ हेराल्डला, जी आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनायची, तिच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नाही तर ईपी ९० गिअर ऑइल घालतात. मायनरला ग्रीस. दोन्ही गाड्या असणारे लोक इथे आहेत आणि त्यांनी गल्लत करू नये.

२९ ऑक्टोबर, रविवार

घड्याळं एक तास मागे गेली, पाचला अंधार. एलईडीचे दोन मोठे दिवे छताला लावले. दुसरं काम नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार

लक्ष्मीपूजन. आज पान्याला हात लावला नाही, फक्त पाने-ग्रीसगन पुसून पाटावर मांडले आणि त्यांना हळदकुंकू वाहिलं. ग्रीसगनला पण.

२५ नोव्हेंबर, शनिवार

सिल. दरवाजाखालचा पट्टा बाहेरून गुळगुळीत दिसत होता, स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर आत गेला, आणि सोलत गेलो तसा आधी रंग, मग पुटी, मग जुन्या पत्र्यावर नुसता चिकटवलेला दुसरा पत्रा आणि त्याच्या आत लाल भुगा. कुणीतरी कधीतरी नुसतं झाकून ठेवलंय. मायनरला पूर्ण लांबीची वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते, त्यामुळे सिल, मधला आडवा क्रॉसमेंबर आणि त्याची टोकं, जिथे जॅक लागतो, हे सगळं मिळून गाडीचा कणा आहे. यातलं एक कुजलं की दरवाजे लागेनासे होतात, तेव्हा मायनर बघायला गेलात तर आधी दरवाजा उघडून बंद करा आणि भोवतालची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. पॉलिश बघून काही कळत नाही.

कापायच्या आधी दरवाजाच्या चौकटीत लोखंडी पट्ट्या आडव्या वेल्ड करून घेतल्या, म्हणजे सिल काढल्यावर गाडी मधून वाकणार नाही. एका वेळी एकच बाजू. बाहेरचा पट्टा, आतली बॉक्सिंग प्लेट आणि क्रॉसमेंबरचं टोक असं उजवीकडचं सगळं कापून काढलं आणि चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत ग्राइंडर मारला. गंजलेल्या पत्र्याला नवा पत्रा वेल्ड होत नाही, जळून भोक पडतं, त्यामुळे इथे कंजूषपणा करून अर्धा जुना पत्रा वाचवण्यात अर्थ नाही.

मिग वेल्डर, ०.६ ची वायर, आर्गॉन मिक्स गॅस. लांब ओढायचं नाही, छोटे छोटे टाके अंतरावर मारत जायचे आणि मधल्या जागा नंतर भरायच्या, नाहीतर उष्णतेने पत्रा वाकडा होतो. प्रत्येक काही टाक्यांनी दरवाजा लावून बघितला. बॅटरी काढलेली, पेट्रोलची टाकी काढून बागेतल्या शेडमध्ये, कार्पेट-सीट बाहेर, अग्निशामक हाताशी. काम संपल्यावर लगेच दार लावून जायचं नाही, जुन्या साउंडप्रूफिंगला आतून धग लागलेली असू शकते, म्हणून अर्धा तास तिथेच बसून राहिलो, चहा तिकडेच मागवला.

१६ डिसेंबर, शनिवार

डावी बाजू पण झाली. ही तुलनेत बरी होती, पण क्रॉसमेंबरचं टोक गेलेलंच होतं. वेल्डवर झिंक प्रायमर, सीम सीलर, आणि आतल्या पोकळीत लांब नळीने मेण. डिनिट्रॉल वापरलं, थंडीत ते घट्ट होतं म्हणून डबा आधी गरम पाण्याच्या बादलीत ठेवला. सिलच्या तळाशी पाणी निघून जायची भोकं असतात ती मेण वाळल्यावर तारेने मोकळी केली. ती बुजली की नवं सिलही आतून कुजणार, इथे वर्षभर पाऊस आणि हिवाळ्यात रस्त्यावर मीठ.

पट्ट्या काढल्या. दोन्ही दरवाजे एका बोटाने लागतात. फार समाधान वाटलं.

६ जानेवारी २०२४, शनिवार

ब्रेकचा मास्टर सिलिंडर. मायनर पहिल्यांदा बघणाऱ्याला तो सापडतच नाही, कारण बॉनेटखाली नाहीये, ड्रायव्हरच्या पायाखाली चासीच्या दांड्याच्या आत बसवलाय. कार्पेट उचलायचं, झाकण काढायचं, खाली ब्रेक ऑइलचं बूच. म्हणून पूर्वीचे मालक ऑइल बघायचं टाळत असणार, दिसतच नाही तर कोण बघणार.

तो काढायचा तर दोन लांब बोल्ट, आणि बोल्ट बाहेर येताना टॉर्शन बार नेमका आडवा. मग परत जॅक, परत ताण उतरवून बार बाजूला. परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घातले, म्हणजे पुढच्या वेळी ज्याला कुणाला हा सिलिंडर काढायचाय त्याला बार सोडवावा लागणार नाही. ही युक्ती मायनरवाल्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय आणि आमच्या गाडीवर आजपर्यंत कुणी केलेली नव्हती, बहुतेक कारखान्यातून आल्यापासूनचेच बोल्ट असावेत.

जुन्या सिलिंडरच्या आत खड्डे पडले होते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं आणि गाडी उभी राहिली की ते पाणी तळाला आतून गंजवतं. नुसतं रबर किट घालून चाललं असतं काही महिने, पण या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे. कुठेही एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, उरतो फक्त हँडब्रेक. अशा ठिकाणी जुगाड नको, पूर्ण नवा सिलिंडर.

२० जानेवारी, शनिवार

चारही ड्रम उघडले. मास्क लावून, पाणी फवारून ओली धूळ पुसून काढली आणि पिशवीत बंद केली. हवेचा पाइप अजिबात मारायचा नाही, कारण जुन्या ब्रेक लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, इथे त्यावर बंदी १९९९ ला आली आणि गाडीवरचे लायनर कधीचे ते कोणास ठाऊक.

१०९८ सीसीच्या मायनरला पुढे ८ इंची ड्रम आहेत, प्रत्येक पुढच्या चाकाला दोन व्हील सिलिंडर. सगळे नवे. लोखंडी पाइप काढून कॉपर-निकेलचे बनवले, तो हाताने सहज वाकतो आणि गंजत नाही. रबरी होज पण तिन्ही नवे, जुने आतून फुगून बंद होतात आणि मग ब्रेक दाबून सोडला तरी सुटत नाही.

दुपारी लेकीला बसवलं पेडलवर, हवा काढायला. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. "बाबा, दाबलं!" "धरून ठेव... सोड." चौथ्या चाकापर्यंत तिचा पाय दुखायला लागला पण उठली नाही. त्याआधी शूज अ‍ॅडजस्ट करून घेतले होते, ड्रमच्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून चाक अडेपर्यंत फिरवायचं आणि मग चाक मोकळं फिरेल एवढंच मागे घ्यायचं. पुढे प्रत्येकी दोन अ‍ॅडजस्टर, मागे एक. हे नीट केलं नाही तर हवा निघूनही पेडल खालीच राहतं आणि माणूस उगाच मास्टर सिलिंडरवर संशय घेतो.

पेडल आता वरच्या वर थांबतंय, दगडासारखं.

१० फेब्रुवारी, शनिवार

वायरिंग. ही गाडी पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. बॅटरी सोडवताना आधी अर्थचं टोक काढायचं हा नियम इथेही तोच, फक्त इथे ते प्लसचं असतं. बरेच जण मायनस अर्थ करून घेतात, मी तशीच ठेवली. डायनामो आणि कंट्रोल बॉक्स नीट चालतायत आणि मला गाडीत रेडिओ बसवायचा नाहीये.

एक बदल मात्र केला. पूर्ण गाडीला दोनच फ्यूज आहेत आणि हेडलाइट त्यातल्या कुठल्याच फ्यूजवर नाहीत. वायर घासून बॉडीला लागली तर आग. म्हणून हेडलाइटला रिले आणि वेगळे फ्यूज घातले, मूळ वायर न कापता, उद्या कुणाला मूळ अवस्थेत न्यायची असेल तर पंधरा मिनिटांचं काम. सगळी अर्थची टोकं घासून चकचकीत केली. लुकासच्या वायरिंगला लोक नावं ठेवतात, पण मला तरी सापडलेले सगळे दोष गंजलेल्या जोडण्यांचे निघाले, डिझाइनचे नाही.

बॉनेट पुसताना मधोमध तो सपाट पट्टा दिसतो, त्याची गोष्ट लेकीला सांगितली. मूळ नमुना अरुंद वाटला म्हणून इसिगोनिसनी तो मधोमध उभा कापायला लावला, दोन्ही अर्धे सरकवत गेले आणि चार इंच अंतरावर थांबले. तेवढी गाडी रुंद झाली. बॉनेटवरचा तो पट्टा म्हणजे तेच चार इंच.

२५ फेब्रुवारी, रविवार

इंजिन. हे ए-सिरीज, मुळात ऑस्टिनचं, १९५१ च्या ऑस्टिन ए ३० मध्ये आलं. १९५२ ला ऑस्टिन आणि मॉरिस एकत्र होऊन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, झाली आणि मग मॉरिसच्या गाडीत ऑस्टिनचं इंजिन बसलं. मिनीत ते २००० सालापर्यंत चाललं. एवढं आयुष्य लाभलेलं इंजिन साधंच असणार, आणि ते आहेच.

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची बारीक फट. प्लग काढले, पुढच्या बंपरमधून हँडल घातलं आणि हाताने इंजिन फिरवलं. हो, हिला हँडल आहे, सेल्फ गेला तरी घरी येता येतं. गॅप ०.०१२ इंच, म्हणजे ०.३० मिलिमीटर, इंजिन थंड असताना. आठ व्हॉल्व्ह आहेत आणि नऊचा नियम लावायचा, जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडलाय त्याचा नंबर नऊतून वजा करायचा, जो उरतो त्याचा गॅप बघायचा. आठवा उघडा तर पहिला सेट करायचा, सहावा उघडा तर तिसरा. आकृती बघायची गरजच नाही, लेकीने नियम एकदा ऐकला आणि पुढचे नंबर तीच ओरडून सांगत होती.

प्रत्येक व्हॉल्व्हचा आधीचा गॅप आणि नंतरचा गॅप वहीत लिहिला, आणि यामागे कारण आहे. इथे शिसं घातलेलं पेट्रोल २००० पासून विक्रीतून गेलं. जुन्या हेडमध्ये शिशाचा थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला वाचवायचा, तो नसेल तर सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये वर सरकतो, आणि सरकला की टॅपेटचा गॅप कमी होत जातो. या हेडमध्ये कडक सीट बसवल्यात का याचा कागद नाही. म्हणून हेड न उघडता कळायचा मार्ग एकच, दर वेळी गॅप मोजून लिहायचा. एक्झॉस्टचा गॅप प्रत्येक वेळी कमी भरायला लागला तर हेड काढून नव्या सीट बसवून घ्यायच्या, स्थिर राहिला तर हात लावायचा नाही. आज सगळे ठीकच होते.

प्लगचा गॅप ०.०२५ इंच, पॉईंटचा ०.०१५ इंच. कंडेन्सर, रोटर, कॅप नवे. ऑइल २०डब्ल्यू५०, साधं मिनरल. फिल्टरच्या भांड्याच्या खाचेतला रबर रिंग प्रत्येक वेळी नवाच घालायचा आणि जुना खाचेत चिकटून राहिला नाही ना हे सुईने बघायचं, दोन रिंग एकावर एक बसले की ऑइल जमिनीवर.

९ मार्च, शनिवार

पेट्रोल. सप्टेंबर २०२१ पासून इथल्या साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ई१०. जुने रबरी पाइप त्याने मऊ पडून तडकतात, आणि गरम एक्झॉस्टजवळ तडकलेला पेट्रोलचा पाइप म्हणजे काय ते कळतंच. भारतात तर ई२०, म्हणजे वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आलंय, तिकडे जुनी फियाट किंवा ॲम्बॅसेडर सांभाळणाऱ्यांनी पेट्रोलचे सगळे पाइप आधी बदलावेत, हे अगदी तळमळीने सांगतोय. मी सगळे होज इथेनॉल चालणारे घातले आणि तरी पेट्रोल सुपर, म्हणजे ई५ च भरणार.

टाकी आतून धुवून बसवली. किल्ली फिरवल्यावर एसयू कंपनीचा इलेक्ट्रिक पंप टकटक करायला लागतो, कार्बोरेटर भरला की थांबतो. थांबलाच नाही तर कुठेतरी गळतंय किंवा टाकी रिकामी. किती साधं निदान, कानाने होतं.

कार्बोरेटर पण एसयूचाच. पिस्टन बोटाने उचलून सोडला, खाली टक्‌ असा आवाज करत बसला, म्हणजे सुई मध्यावर आहे. वरच्या डॅशपॉटमध्ये पातळ ऑइल. पहिल्या सेल्फला गुरगुरली, चोक थोडा ओढल्यावर सुरू झाली. गरम झाल्यावर मिक्श्चर सेट केलं, खालचा नट वर फिरवला की पेट्रोल कमी, खाली फिरवला की जास्त. पिस्टन अगदी किंचित उचलून ऐकायचं, इंजिन पळायला लागलं आणि पळतच राहिलं तर पेट्रोल जास्त, बसायला लागलं तर कमी, क्षणभर चढून परत जागेवर आलं तर बरोबर. मामा फोनवर होते, इकडे मी नट फिरवतोय आणि सांगलीहून मामा आवाज ऐकून सांगतायत, "अजून थोडा वर घे... बास, बास, सोड आता."

९ एप्रिल, मंगळवार

गुढीपाडवा. सकाळी गुढी उभारली, गाडीला हार, बॉनेटवर स्वस्तिक, चारही चाकांखाली लिंबू. सौ. म्हणाली गाडी आज बाहेर काढाच. इन्शुरन्स चालू केलाय. रोड टॅक्स शून्य आहे कारण ४० वर्षांवरची गाडी हिस्टॉरिक वर्गात जाते, पण शून्य असला तरी दर वर्षी टॅक्स घ्यावा लागतोच.

२० मे २०१८ पासून ४० वर्षांवरच्या गाड्यांना, त्यात मोठे बदल केलेले नसतील तर, एमओटी म्हणजे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. कायद्याने सूट आहे म्हणून न तपासता रस्त्यावर काढायची हे मला मान्य नाही. इतके महिने खाली झोपून मी जे केलं ते दुसऱ्या माणसाने, लिफ्टवर घेऊन, टॉर्च लावून बघायलाच पाहिजे. एमओटीची वेळ शनिवारची घेतलीय. आज फक्त घरासमोरच्या रस्त्यावर पुढे-मागे. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा. रॅक अँड पिनियन स्टेअरिंग, इतकं हलकं आणि अचूक की १९४८ चं डिझाइन आहे यावर विश्वास बसत नाही.

१३ एप्रिल, शनिवार

एमओटी पास. तपासणाऱ्याने पुढची चाकं उचलून बराच वेळ हलवली, काही सापडलं नाही. ब्रेक रोलरवर डावी-उजवी बाजू सारखी. इतक्या जुन्या गाडीचा धूर फक्त डोळ्यांनी बघतात, मशीन लावत नाहीत. एक सूचना मिळाली, मागच्या डाव्या कमानपाट्याच्या हँगरजवळ गंजाची सुरुवात. दोन्ही बाजूंच्या सिलचे वेल्ड मुद्दाम दाखवले त्याला, म्हणाला बाहेरचा पट्टा नसता तर आतलं काम जास्त बघायला आवडलं असतं.

१८ मे, शनिवार

गाडी आता आठवड्याच्या बाजाराला जाते, दोनदा अ‍ॅबिंग्डनपर्यंत नदीकाठच्या रस्त्याने. ४८ हॉर्सपॉवर आहे, घाई करायची नाही, ट्रक मागे आला की बाजूला घेऊन जाऊ द्यायचा.

हजार मैल झाले नाहीत पण ट्रनियन नवे आहेत म्हणून ग्रीस मारून घेतलं, आलेलं ग्रीस स्वच्छ. किंगपिनला खेळ नाही. ब्रेक शूज बसल्यामुळे चारही चाकांना अ‍ॅडजस्टर थोडा थोडा पुढे घेतला. कार्पेट उचलून ब्रेक ऑइल बघितलं, पातळी जिथे होती तिथेच. टॅपेट परत मोजले, एक्झॉस्टपैकी एकही गॅप कमी झालेला नाही, वहीत आधीच्या आकड्यांशेजारी लिहिले.

कमानपाट्याचा हँगर तारेच्या ब्रशने घासून बघितला. वरवरचा नाही, एका कोपऱ्यात पत्रा पातळ झालाय. दोन्ही बाजूंचे हँगरचे पत्रे आणि नवे बुश मागवलेत. पुढच्या शनिवारी मागचा भाग स्टँडवर, टाकी परत बाहेर.